झाकण मिटले, संगणक झोपला का?

लिनक्स बसविल्यानंतर लॅपटॉपच्या वीजखर्चाची तपासणी



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबविली. ज्या जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ बसत नाही, त्यांचे करायचे काय, असा प्रश्न अनेक घरांपुढे आणि शाळांपुढे उभा राहिला. त्यावरचा एक चांगला उपाय म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली ह्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. आज उबंटू, डेबियन, फेडोरा अशा अनेक रूपांत ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रांवरही चांगली चालते.

पण लिनक्स बसविल्यावर काही तक्रारी हमखास ऐकू येतात. "पूर्वी चार तास चालणारी बॅटरी आता तीन तासांतच संपते." "रात्री झाकण मिटून ठेवला, सकाळी पाहतो तो बॅटरी शून्य!" "दप्तरातून लॅपटॉप काढला तर तव्यासारखा तापलेला." मग कोणी म्हणतो लिनक्सच वाईट, कोणी म्हणतो बॅटरी बदला, तर कोणी दहा जणांनी सांगितलेले दहा उपाय एकदम करून टाकतो. ह्यांपैकी मोजमाप मात्र कोणीच केलेले नसते.

वास्तविक हा प्रश्न तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलाच आहे. ऊर्जा, शक्ती आणि काळ ह्यांचे साधे गणित आणि एक नोंदवही एवढ्यावर तो बराचसा सुटतो. नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी एवढी तपासणी करायलाच हवी.

एक सूचना आधीच देतो. ह्या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत असतात, आणि दोन शब्दांमधली रेघ ओळीच्या तळाशी असते.

आधी मोजा

बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. १ वॉट शक्तीचे उपकरण १ तास चालले की १ वॉट-तास, म्हणजे ३,६०० ज्यूल, ऊर्जा खर्च होते. म्हणून

बॅटरी पुरण्याचा काळ (तास) = साठलेली ऊर्जा (वॉट-तास) ÷ खर्चाची शक्ती (वॉट)

हे दोन्ही आकडे लिनक्स तुम्हाला उघडपणे दाखवते. टर्मिनल उघडा. '/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय' ह्या ठिकाणी 'बॅट०' किंवा 'बॅट१' नावाचा कप्पा असतो (हे एवढे नाव मात्र मोठ्या अक्षरांत). त्यातील कोणतीही फाइल 'कॅट' ह्या आज्ञेने वाचता येते. आपल्या कामाच्या फाइली चार :

'एनर्जी_फुल_डिझाइन' : बॅटरी नवी असताना तिच्यात मावणारी ऊर्जा.
'एनर्जी_फुल' : आज तिच्यात मावणारी ऊर्जा.
'एनर्जी_नाऊ' : ह्या क्षणी शिल्लक असलेली ऊर्जा.
'पॉवर_नाऊ' : ह्या क्षणी होणारा खर्च.

आकडे मोठे दिसले तरी घाबरू नका. ते मायक्रोवॉट-तास आणि मायक्रोवॉट ह्या एककांत असतात, तेव्हा दहा लाखांनी भागा. ४,१२,५०,००० असा आकडा दिसला, तर तो ४१.२५ वॉट-तास होय. काही लॅपटॉपांत ह्यांऐवजी 'करंट_नाऊ' आणि 'व्होल्टेज_नाऊ' अशा फाइली असतात. तेथे विद्युतधारा आणि विभवांतर ह्यांचा गुणाकार करा. १.१ अँपिअर गुणिले ११.४ व्होल्ट म्हणजे सुमारे १२.५ वॉट.

मोजताना चार्जर काढलेला असला पाहिजे. तो लावलेला असताना 'पॉवर_नाऊ' हा आकडा बॅटरीत आत जाणारी शक्ती दाखवतो, खर्च नव्हे. दुसरे असे, की लिनक्स बसविल्याच्या पहिल्याच दिवशी मोजू नका. त्या दिवशी संगणक फाइलींची सूची तयार करणे, सुधारणा उतरवून घेणे अशा कामांत गुंतलेला असतो. एकदोन दिवस जाऊ द्या.

आता पहिला प्रयोग. सर्व कार्यक्रम बंद करा, पडद्याची प्रखरता निम्म्यावर ठेवा, वायफाय चालू असू द्या. दर दोन मिनिटांनी एक, असे पाच वेळा 'पॉवर_नाऊ' वाचा. समजा १२.४, ११.८, १२.९, १२.१ आणि ११.८ वॉट असे आकडे मिळाले. त्यांची सरासरी १२.२ वॉट. हा झाला तुमचा मूळ आकडा. पुढची प्रत्येक तुलना ह्याच्याशी करायची.

दोष बॅटरीचा की खर्चाचा?

समजा ह्याच लॅपटॉपची मूळ क्षमता ४५ वॉट-तास होती आणि आज ती ३६ वॉट-तास आहे. म्हणजे बॅटरी ८० टक्के उरली आहे. १२.२ वॉट खर्चाने ती ३६ ÷ १२.२, म्हणजे जवळजवळ ३ तास पुरेल. नवी बॅटरी आणली तर ४५ ÷ १२.२, म्हणजे सुमारे ३ तास ४१ मिनिटे. पैसे खर्चून मिळाली सुमारे चव्वेचाळीस मिनिटे!

पण जुनीच बॅटरी ठेवून खर्च ७.५ वॉटपर्यंत खाली आणता आला तर? ३६ ÷ ७.५ = ४.८ तास, म्हणजे ४ तास ४८ मिनिटे. कोणता मार्ग आधी धरायचा, हे गणितच सांगते. उलट, मूळ क्षमतेच्या ४० टक्केच उरली असेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. ती बॅटरी म्हातारी झाली आहे.

लिनक्स बसविल्यावरच असे का होते?

लॅपटॉपमध्ये वीज वाचविण्याचा कारभार एकटा कोणी पाहत नाही. पडदा, प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर, चित्रपत्ता म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय अशा प्रत्येक भागाला केव्हा जागे व्हायचे आणि केव्हा झोपायचे हे सांगावे लागते. सांगण्याची एक ठरलेली रीत आहे, तिला 'एसीपीआय' म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा ह्या कंपन्यांनी तिचा पहिला मसुदा डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. लॅपटॉप बनविणारी कंपनी आपल्या यंत्राची माहिती आणि काही छोटे कार्यक्रम यंत्रातच कायम कोरून ठेवते, त्यास फर्मवेअर म्हणतात. कार्यप्रणाली ते वाचते आणि त्याप्रमाणे वागते.

गंमत अशी, की हे फर्मवेअर कार्यप्रणालीला विचारू शकते, "तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?" आणि लिनक्स चक्क "हो" म्हणते! ह्यात लबाडी नाही. बहुतेक कंपन्या आपली यंत्रे विंडोजवर तपासून विकतात, त्यामुळे विंडोजला दिलेली उत्तरेच अधिक भरवशाची असतात. तरीही सर्व काही जुळतेच असे नाही. विंडोजबरोबर कंपनीने त्या यंत्रासाठी खास चालक-कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, दिलेले असतात. लिनक्स मात्र हजारो प्रकारच्या यंत्रांवर चालायचे असल्यामुळे, जेथे शंका तेथे सावध राहते. एखादा भाग झोपवल्यावर तो उठेल की नाही ह्याची खात्री नसेल, तर ते त्याला जागेच ठेवते. ह्या सावधपणाची किंमत बॅटरी मोजते.

वीज जाते कोठे?

प्रक्रियकातील सूक्ष्म कळी दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. त्यासाठी लागणारी शक्ती ठोकळमानाने अशी :

शक्ती ∝ धारकता × (विभवांतर)² × वारंवारता

येथे विभवांतराचा वर्ग आहे, हे ध्यानात घ्या. वारंवारता निम्मी केली आणि तिच्याबरोबर विभवांतर १.२ व्होल्टवरून ०.८ व्होल्टवर आणता आले, तर शक्ती (०.८ ÷ १.२)² × ०.५, म्हणजे सुमारे ०.२२ पट होते. १० वॉटचे २.२ वॉट झाले!

मग प्रक्रियक नेहमी संथच का चालवू नये? कारण काम संपायला दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पडदा व इतर भाग वीज घेतच राहतात. समजा इतर भागांना ६ वॉट लागतात. १० मिनिटांचे काम वेगाने केले तर १६ × १० = १६० वॉट-मिनिटे; संथपणे केले तर ८.२ × २० = १६४ वॉट-मिनिटे. काम संपताच लॅपटॉप मिटणार असाल, तर संथपणाचा काहीच लाभ नाही. पण पडदा तसाही वीस मिनिटे चालू राहणार असेल, तर संथ चाल फायद्याची. म्हणून 'कमीत कमी वेग' हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. कामाप्रमाणे वेग बदलणे आणि काम नसताना गाढ विश्रांती देणे, हे महत्त्वाचे.

ही विश्रांती सलग मिळावी लागते. पूर्वी लिनक्सचा गाभा ठरावीक ठोक्यांनी, सेकंदाला शंभर ते हजार वेळा, प्रक्रियकाला उठवीत असे, मग काम असो वा नसो. २००७ साली आलेल्या २.६.२१ ह्या आवृत्तीपासून काम नसताना हे ठोके बंद ठेवण्याची सोय आली. त्याच वर्षी इंटेलने 'पॉवरटॉप' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. प्रक्रियकाला कोण किती वेळा उठवतो, ह्याची तो यादीच देतो.

एका वेळी एकच बदल

आता तपासणीचा क्रम पाहू. प्रत्येक पायरीनंतर पूर्वीप्रमाणे पाच वेळा मोजा आणि सरासरी लिहा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा हे कधीच कळणार नाही.

पहिली पायरी : पडदा. प्रखरता पूर्ण, निम्मी आणि पाव ठेवून मोजा. हा प्रयोग अगदी सोपा आहे आणि फरक लगेच दिसतो.

दुसरी पायरी : कोणी चोरून काम करत आहे का? 'टॉप' ही आज्ञा द्या. काहीही उघडलेले नसताना एखादा कार्यक्रम प्रक्रियकाचा मोठा वाटा सतत घेत असेल, तर चोर सापडला. न्याहाळक म्हणजे ब्राउझर उघडा असेल, तर त्यातील एखादे पानही हे करू शकते.

तिसरी पायरी : वीजधोरण. उबंटूमध्ये सेटिंग्जच्या 'पॉवर' ह्या भागात कामगिरी, समतोल आणि बचत असे पर्याय असतात. समतोल व बचत, दोन्ही ठेवून मोजा. येथे एक नाव फसवे आहे. इंटेलच्या अनेक प्रक्रियकांवर वेगाच्या कारभाऱ्याचे नाव 'पॉवरसेव्ह' असे दिसते. त्याचा अर्थ वेग तळाशी बांधला आहे असा नव्हे. तो गरजेप्रमाणे वेग वाढवतोही. बचतीसाठी 'टीएलपी' नावाचा स्वतंत्र कार्यक्रमही मिळतो. पण तो आणि उबंटूचा स्वतःचा कारभारी, दोघे एकदम ठेवू नका. एक सांगेल बस, दुसरा सांगेल ऊठ.

चौथी पायरी : दोन चित्रपत्ते. काही लॅपटॉपांत प्रक्रियकातला साधा चित्रपत्ता असतोच, शिवाय एनव्हिडिया कंपनीचा एक शक्तिमान पत्ता असतो. हा दुसरा पत्ता काम नसतानाही जागा राहिला, तर कित्येक वॉट फुकट जातात. उबंटूवर कंपनीचा ड्रायव्हर बसविलेला असेल, तर 'प्राइम-सिलेक्ट' ह्या आज्ञेने तो फक्त गरजेला वापरायचा की अजिबात नाही, हे ठरवता येते. मूळ आकडा फार मोठा असेल आणि पहिल्या तीन पायऱ्यांनी हलला नसेल, तर येथे जरूर पाहा.

पाचवी पायरी : पॉवरटॉप. त्यातील 'ट्यूनेबल्स' ह्या पानावर प्रत्येक भागापुढे 'गुड' किंवा 'बॅड' असे लिहिलेले असते. एकेक 'बॅड' बदलून मोजा. हे बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर आपोआप पुसले जातात, म्हणून प्रयोगाला सोयीचे. यूएसबीवरचा माऊस अडखळू लागला, तर त्यालाही झोप लागू लागली आहे असे समजा आणि तेवढा बदल मागे घ्या.

झोपेची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. झाकण मिटल्यावर पडदा काळा होतो, ह्यावरून लॅपटॉप झोपला असे समजू नका. प्रथम 'एनर्जी_नाऊ' लिहून घ्या. चार्जर काढून झाकण मिटा आणि लॅपटॉप टेबलावर, उघड्या हवेत ठेवा. बरोबर दोन तासांनी उघडून तोच आकडा पुन्हा वाचा. ३२.० वॉट-तासांचे ३१.२ झाले असतील, तर झोपेतला खर्च ०.४ वॉट, आठ तासांच्या रात्रीत ३.२ वॉट-तास. ही झोप चांगली. पण ३२ चे २४ झाले असतील तर खर्च ४ वॉट, आणि आठ तासांत ३२ वॉट-तास! ह्या लॅपटॉपने नुसते डोळे मिटले आहेत. असा लॅपटॉप दप्तरात घालणे धोक्याचे आहे. तेथे उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर खराब होते.

असे का घडते? '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाइल वाचा. तीत 'एस२आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसू शकतात. ज्याभोवती चौकोनी कंस असेल, ती झोप सध्या लागू आहे. 'डीप' ह्या झोपेत स्मृती, म्हणजे रॅम, तेवढी जागी राहते आणि बाकी जवळजवळ सर्व भागांची वीज तोडली जाते. 'एस२आयडल' ह्या झोपेत वीज तोडत नाहीत. सर्वांना स्वस्थ बसायला सांगतात. सर्व जण खरोखर स्वस्थ बसले, तर हाही खर्च फार थोडा असतो. पण घरात एक जण जरी अभ्यासाला जागा असला, तरी माजघरातला दिवा मालवता येत नाही. तसेच येथे एक भाग जागा राहिला की सबंध प्रक्रियकाला गाढ झोप लागत नाही.

दोन्ही शब्द दिसत असतील आणि कंस 'एस२आयडल' भोवती असेल, तर शिक्षकांच्या मदतीने 'डीप' हा शब्द त्या फाइलीत लिहून पाहा. त्याची आज्ञा अशी : 'एको डीप', मग उभी रेघ, मग 'सुडो टी' आणि फाइलचा पूर्ण पत्ता. उघडलेले काम आधी जतन करा. मग दोन तासांचा प्रयोग पुन्हा करा. लॅपटॉप नीट उठला आणि खर्च घटला, तरच हा बदल कायमचा करण्याचा विचार करायचा. उठला नाही, तर बटण दाबून धरून बंद करा आणि पुन्हा सुरू करा. बदल पुसला गेलेला असेल.

'डीप' हा शब्दच नसेल, तर फर्मवेअर ती झोप देऊ करत नाही. काही यंत्रांत फर्मवेअरच्या मांडणीत झोपेचा प्रकार निवडता येतो, तो पाहा. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, हेही पाहा. तरीही साधले नाही, तर दप्तरात घालण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करणे हाच खरा उपाय. 'हायबरनेट' ह्या प्रकारात स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवून वीज बंद करतात. परंतु उबंटूत ही सोय आपोआप चालू नसते आणि डिस्कवर त्यासाठी पुरेशी जागा राखावी लागते.

आणखी तीन खुणा तपासा. '/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स' ह्या कप्प्यात झोप किती वेळा लागली, किती वेळा फसली आणि शेवटी कोणत्या भागामुळे फसली, हे लिहिलेले असते. '/प्रॉक/एसीपीआय/वेकअप' ह्या फाइलीत झोपमोड करण्याची परवानगी कोणाला आहे, ते दिसते. तिसरी खूण शाळेत उपयोगी : प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडलेला असताना झाकण मिटले, तर लिनक्स सहसा लॅपटॉपला झोपवत नाही. तो दोष नसून तशीच योजना आहे.

सावधगिरी

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, तळ उचलला गेला किंवा कळफलक वर आला, तर वरील एकही प्रयोग करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू वा टोचू नका आणि ती जाणत्या कारागिराकडून काढून घ्या. बॅटरी चांगली असेल, तर तिच्या कप्प्यात 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' ही फाइल आहे का पाहा. असल्यास तीत ८० लिहून बॅटरी ८० टक्क्यांवर भरणे थांबवता येते. सतत चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी त्यामुळे अधिक टिकते. मात्र गावात भारनियमन असेल, तर आधी आपली गरज पाहून ठरवा.

नोंदवही

एका पानावर पाच रकाने आखा : दिनांक, केलेला बदल, पूर्वीचा खर्च, नंतरचा खर्च, बदल ठेवला की काढला. ज्या बदलाने काही फरक पडला नाही, तोही लिहा. पुढच्या वर्षी तोच लॅपटॉप हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याचा तेवढा वेळ वाचेल.

स्वाध्याय

१. एका बॅटरीची मूळ क्षमता ४४ वॉट-तास व आजची ३३ वॉट-तास आहे. ती किती टक्के उरली? ६ वॉट खर्चाने ती किती वेळ पुरेल?

२. झाकण मिटल्यावर तीन तासांत ऊर्जा ४२.० वरून ४१.१ वॉट-तास झाली. झोपेतला खर्च किती? दहा तासांत किती ऊर्जा जाईल?

३. एका विद्यार्थ्याने तीन बदल एकदम केले आणि खर्च ११ वॉटवरून ८ वॉटवर आला. कोणत्या बदलाचा किती गुण, हे तो आता कसे शोधेल?

उत्तरे : (१) ७५ टक्के, साडेपाच तास. (२) ०.३ वॉट, ३ वॉट-तास. (३) तिन्ही बदल मागे घेऊन मूळ आकडा पुन्हा मोजावा, मग एकेक बदल स्वतंत्रपणे करून प्रत्येक वेळी मोजावे. तीन स्वतंत्र बचतींची बेरीज ३ वॉट आली नाही, तर ते बदल एकमेकांवर परिणाम करत आहेत असे समजावे.